चुकीला पुरून उरणारी धावपट्टी

८ जून २०२४ रोजी मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर दोन प्रवासी विमाने एकाच वेळी होती. तिरुवनंतपुरमला निघालेले विमान वेग घेत होते, त्याची चाके अजून जमिनीवरच होती. आणि त्याच्या मागे इंदूरहून आलेल्या विमानाने त्याच धावपट्टीला चाके टेकवली. पुढचे विमान उडाले, मागचे थांबले. कुणाला खरचटलेही नाही. काही सेकंदांची एक चित्रफीत दोन दिवस मोबाइलवर फिरली, नियंत्रण मनोऱ्यातील कर्मचाऱ्याला कामावरून बाजूला करण्यात आले, चौकशी सुरू झाल्याचे जाहीर झाले आणि लोक आपापल्या कामाला लागले.

त्या दिवशी पुढच्या विमानाच्या इंजिनात एखादा पक्षी शिरला असता तर? उड्डाणाच्या धावेत असलेल्या वैमानिकाला ब्रेक लावून जागीच थांबण्याचा निर्णय घ्यावा लागतो, त्याचा सराव त्याला दिलेला असतो. तसे झाले असते, तर मागून उतरलेल्या विमानाला थांबायला जागा उरली नसती. म्हणजे शेकडो प्रवाशांचा जीव त्या क्षणी एका गोष्टीवर अवलंबून होता : पुढच्या विमानात काहीही बिघडू नये. ज्या व्यवस्थेला सुरक्षित म्हणायचे, तिचा भार असा नशिबावर असता कामा नये.

विमानाच्या धोक्याचा विचार करताना सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे ढग, वादळ, उंची येते. विमान वाहतुकीतील जाणकारांना मात्र जमिनीची काळजी अधिक असते. आकाशात दोन विमानांमध्ये साधारणतः एक हजार फुटांचे उभे अंतर राखले जाते. चुकून ती जवळ आलीच, तर दोन्ही विमानांतील यंत्रणा एकमेकींशी बोलून एका वैमानिकाला 'वर जा' आणि दुसऱ्याला 'खाली जा' असे सांगतात. जमिनीजवळ आल्यावर ही यंत्रणा असा सल्ला देणे बंद करते, कारण खाली जायला जागाच नसते. धावपट्टीवर सगळ्यांसाठी पातळी एकच, रस्ता एकच. उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी जेट विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे असतो, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटरहून अधिक. समोर काही दिसले, ते काय आहे हे कळले आणि हात हलला, एवढ्यात दोन-तीन सेकंद जातात. तोवर विमान दोन फुटबॉल मैदानांइतके अंतर कापून गेलेले असते.

धावपट्टीच्या राखीव क्षेत्रात ज्याने तेथे असायला नको असे विमान, वाहन किंवा माणूस आला, की त्या घटनेची नोंद 'रनवे इन्कर्शन' म्हणून होते. मराठीत तिला धावपट्टीवरील घुसखोरी म्हटले जाते. शब्द थोडा फसवा आहे. घुसखोरीत हेतू असतो. इथे तो जवळजवळ कधीच नसतो. इथे असते ती एक चुकलेली वळणवाट, अर्धवट ऐकलेले वाक्य किंवा क्षणभर निसटलेली आठवण. मंगळूर (२०१०) आणि कोळिकोड (२०२०) येथील अपघात वेगळ्या जातीचे. तेथे विमाने धावपट्टी सोडून पुढे गेली. त्या अपघातांत माणसे दगावली म्हणून त्यांची चर्चा झाली. घुसखोरीच्या घटना बहुतेक वेळा निभावतात, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. एकट्या अमेरिकेत अशा लहान-मोठ्या घटनांची नोंद वर्षाला दीड हजारांहून अधिक होते. त्यातील बहुसंख्य किरकोळ असतात. पण किरकोळ आणि भीषण यांच्यातले अंतर कधी कधी फक्त धुक्याचे असते.

तीन विमानतळ, तीन धडे

विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठा अपघात आकाशात झालेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्याने वाहतूक या छोट्या विमानतळाकडे वळवलेली होती. टॅक्सी-वेवर विमानांची दाटी होती, त्यामुळे विमानांना धावपट्टीवरूनच उलट चालत जावे लागत होते. त्यात ढग खाली उतरले. मनोऱ्यातून धावपट्टी दिसेना, एका विमानातून दुसरे दिसेना. डच विमानाच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी मिळाली असे समजून धाव सुरू केली. त्याच्या सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितले, त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असाही होत होता आणि 'आम्ही निघालो आहोत' असाही. नियंत्रकाने 'ओके' म्हटले, मग 'थांबा' म्हटले. पण त्याच क्षणी अमेरिकी विमानानेही 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' असे कळवले. दोन आवाज एकाच लहरीवर आले आणि कॉकपिटमध्ये ऐकू आली ती शिट्टीसारखी खरखर. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्याने विचारलेही, की ते विमान बाजूला झालेले नाही का? कॅप्टन हे कंपनीतील नावाजलेले प्रशिक्षक. त्यांनी ठामपणे उत्तर दिले आणि प्रश्न तेथेच मिटला.

या अपघाताने जगाची भाषा बदलली. 'टेक-ऑफ' हा शब्द आता फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. परवानगीला नुसते 'ओके' म्हणून भागत नाही, ती शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. आणि कॉकपिटमधील कनिष्ठाला शंका आली, तर ती त्याने मोठ्याने बोलावी आणि ज्येष्ठाने ऐकावी, याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. ज्या समाजात वडीलधाऱ्यांना उलट विचारणे उद्धटपणा मानला जातो, तिथे तर हे शिक्षण अधिकच गरजेचे.

दुसरा धडा इटलीतला. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. एका छोट्या खासगी जेटला एका टॅक्सी-वेने जायला सांगितले होते; ते भलत्याच टॅक्सी-वेने गेले आणि थेट उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानासमोर आले. ११८ जण दगावले, त्यांतील चार जण जमिनीवर काम करणारे होते. चौकशीत पुढे आले ते असे : दिशादर्शक फलक आणि खुणा नियमांना धरून नव्हत्या. वैमानिकाने आपण कुठे आहोत हे सांगताना जमिनीवरील ज्या खुणेचा उल्लेख केला, ती नियंत्रकाच्या नकाशात नव्हती. जमिनीवरची हालचाल दाखवणारे जुने रडार बंद केलेले होते आणि नवे आलेले असूनही बसवलेले नव्हते. वैमानिक वाट चुकला हे खरे. पण वाट चुकावी अशी सगळी तयारी विमानतळाने वर्षानुवर्षे करून ठेवली होती.

तिसरा धडा अगदी अलीकडचा. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर ३७९ जणांना घेऊन उतरणारे एअरबस विमान जपानी तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळले. तटरक्षक दलाचे विमान आदल्या दिवशीच्या नोतो भूकंपातील लोकांसाठी मदत घेऊन निघाले होते. त्यातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकाने त्याला 'नंबर वन' असे म्हणत धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत यायला सांगितले होते. रांगेत पहिला, एवढाच त्याचा अर्थ. घाईतल्या कानांनी त्यातून धावपट्टीवर जाण्याची मुभा ऐकली. ते विमान सुमारे चाळीस सेकंद धावपट्टीवर उभे होते. मनोऱ्यातील पडद्यावर तशी खूण उमटत होती. ती कुणाच्या लक्षात आली नाही. उतरणाऱ्या वैमानिकांना काळोखात समोरचे छोटे विमान आदळण्याच्या क्षणापर्यंत दिसले नाही. जपानच्या चौकशी मंडळाने डिसेंबर २०२४ मधील अंतरिम अहवालात या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत. एकावरच सगळा दोष टाकलेला नाही.

आपल्या अंगणात

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर १५ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्लीला निघालेल्या विमानाने सुमारे १२० नॉटचा, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वेग घेतला असताना वैमानिकाला धावपट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबायला वेळ नव्हता. त्याने ठरल्या वेगाआधीच विमानाचे नाक उचलले, शेपटीचा भाग जमिनीला घासला, आणि विमान वरून निघून गेले. दिल्लीत ते सुखरूप उतरले. दिल्लीतच २३ ऑगस्ट २०२३ रोजी अहमदाबादहून उतरलेल्या विमानाला शेजारची धावपट्टी ओलांडायला सांगितले गेले आणि त्याच धावपट्टीवर बागडोग्राला जाणाऱ्या विमानाला उड्डाणाची परवानगीही दिली गेली. धावपट्टी ओलांडणाऱ्या विमानाच्या महिला कॅप्टनला समोरचे विमान दिसले, तिने ताबडतोब मनोऱ्याला कळवले आणि उड्डाण थांबवले गेले. गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये कुत्रा आल्याने एक विमान न उतरता बंगळूरला परत गेले. मोपा विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादला जाणाऱ्या विमानाने धावपट्टीऐवजी समांतर टॅक्सी-वेवरूनच धाव सुरू केली होती. ती वेळीच रोखली गेली.

या प्रत्येक प्रसंगात शेवटची फळी होती ती माणसाचे डोळे. स्वच्छ हवेत, जाग्या माणसाचे डोळे उपयोगी पडतात. पण दाट धुक्यात, धो धो पावसात आणि पहाटे तीन वाजता त्यांच्यावर किती विसंबायचे?

मुंबईचा प्रश्न तर रचनेतच आहे. येथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात; त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच चालवली जाते. त्या एका धावपट्टीवर दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा होते. गर्दीच्या तासाला ४६ विमाने ही संख्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ४४ वर आणायला लावली, तीही मुख्यतः आकाशातील खोळंबा कमी करण्यासाठी. ४४ म्हटले तरी सरासरी ८० सेकंदांना एक विमान. जूनमधला प्रसंग याच गणिताच्या पोटातून आला. एक उडते न उडते तोच दुसरे टेकते, अशा चालीत सगळे वेळेवर घडले तर वाहवा होते. एकाला पाच-दहा सेकंदांचा उशीर झाला की दोघे एका पट्टीवर येतात.

थकलेला मेंदू आणि लाल दिवा

नियंत्रकाचे काम म्हणजे मुख्यतः ध्यानात ठेवण्याचे काम. कोण उतरतो आहे, कोण थांब्यावर आहे, कुणाला 'धावपट्टीवर येऊन थांबा' असे सांगितले आहे, गवत कापणारी गाडी कोणत्या टोकाला आहे. माणसाची अल्पकालीन स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवते. मध्येच फोन आला, कुणी काही विचारले, की त्यातली एखादी गळून पडते. १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये नेमके हेच घडले. धावपट्टीवर थांबवून ठेवलेले छोटे विमान नियंत्रकाच्या ध्यानातून गेले आणि त्याच धावपट्टीवर दुसऱ्याला उतरण्याची परवानगी दिली गेली. तीसहून अधिक माणसे गेली. निष्काळजीपणाचा शिक्का मारून अशी विस्मृती थांबत नाही. ती सर्वांना होते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणारा मेंदू आणि विमान कुठे उभे केले हे विसरणारा मेंदू एकच असतो.

त्यात झोपेची भर. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचे घड्याळ माणसाला झोपेकडे ओढते. त्या वेळी प्रतिक्रिया मंदावते आणि जे दिसायची अपेक्षा आहे तेच डोळे पाहतात. पट्टी मोकळी असेल अशी अपेक्षा असली की ती मोकळीच दिसते. पाळ्या बदलत राहिल्या, मधली विश्रांती तोकडी पडली, की हा दोष वाढतो. संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीनेही २०२५ च्या अहवालात हवाई वाहतूक नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावरील ताण याकडे लक्ष वेधले आहे. विमानांची खरेदी शेकड्यांनी होते, टर्मिनलांची उद्घाटने थाटात होतात. मनोऱ्यातील रिकाम्या खुर्च्या मात्र कुणाच्या फोटोत येत नाहीत.

माणूस चुकणार हे गृहीत धरले, की उपाय सुचू लागतात. पहिला उपाय अगदी साधा आहे : धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसवलेली लाल दिव्यांची आडवी ओळ. ती पेटलेली असेल तर तोंडी परवानगी मिळाली तरी ओलांडायची नाही, हा जागतिक संकेत आहे. शब्द आणि दिवा यांपैकी एक चुकला तर दुसरा अडवतो. अनेक विमानतळांवर हे दिवे धुके पडले किंवा दृश्यमानता घटली तरच लावतात. चौकातला सिग्नल फक्त धुक्यात लावावा, असे कुणी म्हणणार नाही.

दुसरा उपाय जमिनीवरच्या रडारचा. विमानतळावरील प्रत्येक विमान आणि वाहन पडद्यावर दिसावे आणि टक्कर होण्याची शक्यता दिसताच मोठ्याने इशारा मिळावा. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एक विमान चुकून धावपट्टी ओलांडू लागले. मनोऱ्यात इशारा मिळाला, नियंत्रकाने ओरडून दुसऱ्याचे उड्डाण रद्द केले आणि ते विमान वेळेत थांबले. तीनच आठवड्यांनी टेक्सासमधील ऑस्टिनला दाट धुक्यात एक मालवाहू विमान उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाच्या माथ्यावर दोनशे फुटांपेक्षाही जवळ आले. ऑस्टिनला असे रडार नव्हते. तेथे वाचवले ते मालवाहू विमानाच्या सहवैमानिकाच्या सावधपणाने.

तिसरी गोष्ट म्हणजे इशारा ज्याला हवा त्याच्यापर्यंत थेट पोचणे. हानेदाला खूण पडद्यावर होती, पण नियंत्रकाच्या नजरेपर्यंत पोचली नाही. अमेरिकेतील काही मोठ्या विमानतळांवर धावपट्टीवरचे लाल दिवे रडारच्या आधारे आपोआप पेटतात. मनोऱ्यातून कुणी सांगण्याची वाट वैमानिकाला पाहावी लागत नाही. शिवाय राखीव क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येक जीप, ट्रॅक्टर आणि अग्निशमन गाडीवर तिचे स्थान कळवणारे उपकरण हवे. पुण्याची जीप पडद्यावर दिसली असती, तर वैमानिकाला जुगार खेळावा लागला नसता. पुणे आणि दाबोळी हे अनुक्रमे हवाई दलाचे आणि नौदलाचे तळ आहेत. तेथे नागरी आणि संरक्षण यंत्रणांच्या दोन चौकटींत प्रवाशाची सुरक्षा अडकू नये, यासाठी दोघांनी एकत्र बसून एकच नियमावली पाळायला हवी.

यावर आक्षेप येतो तो खर्चाचा आणि वेळेचा. लाल दिवे सतत लावले, दोन विमानांतले अंतर थोडे वाढवले, तर तासाला दोन-चार विमाने कमी होतील; तिकिटे महागतील, उशीर होईल. आक्षेप खोटा नाही. पण उशिराचे नुकसान भरून काढता येते. शिवाय आता मुंबईच्या जोडीला नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाला आहे. त्यामुळे मिळणारी उसंत जुन्या धावपट्टीवर आणखी विमाने कोंबण्यात घालवायची, की दोन विमानांतले सेकंद वाढवण्यात, हा निर्णय आजच घेण्यासारखा आहे. एकदा वेळापत्रके भरली की तो घेता येत नाही.

शिक्षा आणि शिकणे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड उपाय मात्र मनोवृत्तीचा आहे. अशा घटनेनंतर एका कर्मचाऱ्याला दूर केले, की कारवाई झाल्याचे समाधान मिळते. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शासन हवेच. पण प्रामाणिक चुकीलाही तीच शिक्षा मिळू लागली, तर उद्या चुकणारा माणूस आपली चूक सांगणार नाही. 'आज माझ्याकडून थोडक्यात निभावले' हे वाक्य विमान सुरक्षेतील सर्वांत मौल्यवान माहिती असते, आणि ते भीतीपोटी गिळले जाते. चूक स्वतःहून कळवणाऱ्याला अभय आणि त्या माहितीचा जाहीर, नावे वगळलेला उपयोग, ही पद्धत अनेक देशांनी रुळवली आहे. अपघाताचा अहवाल जितक्या तपशिलाने प्रसिद्ध होतो, तितक्याच तपशिलाने टळलेल्या अपघाताचाही व्हायला हवा. ८ जूनच्या प्रसंगी नियंत्रकावर किती विमानांचा भार होता, दोन विमानांत किती अंतर ठरवले होते, कोणती यंत्रणा बोलली आणि कोणती गप्प राहिली, हे देशातील प्रत्येक मनोऱ्यात शिकवले जायला हवे.

प्रवाशांचाही यात वाटा आहे. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, की 'थोडक्यात बचावले' अशी बातमी होते आणि प्रवासी वैमानिकावर चिडतात. खरे तर धावपट्टी मोकळी नसताना पुन्हा वर जाणे हीच सुरक्षेची नेहमीची, शिकवलेली चाल आहे. ती खेळताना वैमानिकाला लाज किंवा जाब यांची भीती वाटू नये. हानेदाच्या प्रवाशांनी आणखी एक गोष्ट शिकवली. घोषणा यंत्रणा बंद पडलेली, आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी, केबिनमध्ये धूर. तरी अठरा मिनिटांत सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले, कारण कर्मचाऱ्यांनी सराव केलेला होता आणि लोकांनी बॅगा काढण्यासाठी रांग अडवली नाही.

तेनेरिफच्या धावपट्टीवर त्या दिवशी एकही माणूस आपल्या कामात अडाणी नव्हता. दोन्ही कॉकपिटांत अनुभवी माणसे होती, मनोऱ्यात रोजचे काम करणारे नियंत्रक होते. तरी ढग, गर्दी, घाई आणि एक संदिग्ध वाक्य एकत्र आले. मुंबईत २०२४ मध्ये ढग नव्हते, एवढ्यावर समाधान मानायचे नसेल, तर पावसाळा सुरू होण्याआधी प्रत्येक विमानतळाने एक तपासणी करावी : आज इथे एक माणूस चुकला, तर त्याला अडवायला दुसरे काय आहे? उत्तर 'दुसऱ्या माणसाचे डोळे' एवढेच येत असेल, तर तिथले काम अजून बाकी आहे.